खिडकीखालच्या तीन लाद्या

खोली दहा बाय बाराची होती, पण काळाचौकीच्या त्या चाळीत खोली फुटांनी मोजायची रीत नव्हती. लाद्यांनी मोजायची. दोन फुटी चौकोनी शहाबादी लादी. अशा तीन लाद्या एका ओळीत धरल्या की एका माणसाची पथारी. मोरी, चूल, ट्रंका, दारातली वाट आणि नानाची खाट वजा केली तर पंधरा लाद्या उरत. म्हणजे पथाऱ्या पाच. माणसं मात्र दहा, कारण एका पथारीचे मालक दोन असत, एक दिवसपाळीचा आणि एक रात्रपाळीचा. एक उठला की दुसरा तिथेच आडवा होई. वाकळ गुंडाळायचीही गरज पडत नसे. पहिल्याच्या अंगाची ऊब दुसऱ्याला आयती मिळे, आणि पहिल्याचे ढेकूणही.

या दहा जणांखेरीज खोलीत आणखी तीन जीव होते. एक नाना, खोलीचा धनी. खरं नाव कोंडीराम. गिरणीत जॉबर, म्हणजे माणसं कामावर लावणारा मुकादम. देवगडकडच्या त्यांच्या गावातून मुंबईला आलेला प्रत्येक जण नानाच्याच ओळखीने गिरणीत चिकटलेला, त्यामुळे नानापुढे मान वर करायची कुणाची टाप नव्हती. भाड्याची पावती नानाच्या नावाची, म्हणून खोलीतली एकुलती एक खाटही नानाची. दुसरी शेवंती, नानाचा पुतण्या रामजी याची बायको. सगळ्यांचं रांधणं, वाढणं, उष्टी काढणं तिच्याकडे. तिसरी तिची मुलगी लक्ष्मी, वय आठ महिने. शेवंतीच्या वाट्याला लादी नव्हती. रामजीच्या पथारीवर रामजी आणि शिवा होते. ती मोरीच्या कठड्याला पाठ लावून निजे. तिथे नीज असं तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि दुसरीकडे नीज असंही नाही. बाईमाणूस कुठेतरी निजतंच, अशी सगळ्यांची समजूत होती.

लक्ष्मी लहान होती तोवर भागलं. तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती, तिच्यात ती लोंबकळत झोपायची. पण पोर किती दिवस गाठोड्यासारखं पडून राहील? सातव्या महिन्यात ती एकदा झोळीत उठून बसली, खाली काय चाललंय ते बघायला वाकली आणि चुलीपासून वीतभर अंतरावर धपकन पडली. त्या दिवशी शेवंतीने झोळी सोडली ती पुन्हा बांधली नाही.

मग लक्ष्मी आईबरोबर मोरीपाशी आली. मोरीपाशी ओल असायची, आणि ओलीपेक्षा वाईट म्हणजे पाय असायचे. पहाटे उठणारा तिथूनच जाई, रात्रपाळीहून येणारा तिथेच पाय धुई. पंधरा दिवसांत पोरीला खोकला लागला. एका सकाळी शिवाचा पाय तिच्या हातावर पडला. दोन बोटं सुजली, एक नख काळं होऊन गळून गेलं. शिवा वाईट माणूस नव्हता, पण पोरीने भोकाड पसरल्यावर तो शेवंतीवरच खेकसला, "वाटेत कित्याक निजवतंस तिका?"

वाटेत. जणू खोलीत वाट सोडून दुसरं काही तिच्यासाठी ठेवलं होतं.

त्याच दिवशी शेवंतीने धीर केला. नाना खाटेवर बसून चहा पीत होता. ती पदर सावरून समोर उभी राहिली. "नानानू, चेडवाक निजाक जागो होयो. खिडकीखाली एकच माणूस असता..."

तेवढं खरं होतं. खिडकीखालच्या तीन लाद्या दगडूच्या. भिंतीकडेच्या, कुणाच्या जायच्या-यायच्या वाटेत नसलेल्या, कोरड्या, सकाळी थोडं ऊन येणाऱ्या. दगडूचा जोडीदार गणपतीला गावी गेला तो आजारी पडून तिकडेच राहिला, त्यामुळे ती पथारी अर्धा दिवस मोकळी असायची.

नानाने बशी खाली ठेवली. "जागो गावचो आसा गो. जो गिरणीत जाता तेका जागो. शिमग्यानंतर नवीन माणूस येतलो, तो खय निजतलो? चेडवाक काय, आवशीची मांडी आसा."

रामजी तिथेच बसून चप्पल शिवत होता. त्याने मान वर केली नाही. त्याची नोकरी अजून बदलीवर होती, ती कायम करणं नानाच्या हातात होतं. शेवंतीला हे कळत होतं. तरी एखादा शब्द, निदान एखादा खोकला तरी त्याने नानाच्या दिशेने टाकायला हवा होता, असं तिला वाटलं आणि ती चुलीपाशी गेली.

हे सगळं दगडूने ऐकलं होतं. तेवीस-चोवीस वर्षांचा, उंच, हडकुळा, विणखात्यातला. लग्न व्हायचं होतं. रामजीला तो गावच्या नात्याने भाऊ मानी, म्हणून शेवंतीला वयनी म्हणे. तो उठला, स्वतःची वळकटी बगलेत मारली आणि म्हणाला, "वयनी, आजपासून चेडवाक खिडकीखाली निजव. मी ग्यालरीत पडतंय."

"थंडी आसा, भावजी."

"रातभर गिरणीत उकडून काढतत. माका थंडी बरी."

नानाने बशी पुन्हा उचलली. दगडूची जागा दगडूने दिली, त्यात बोलण्यासारखं नव्हतं. पण पुढे आठ दिवस नाना त्याच्याशी नीट बोलत नव्हता, हे सगळ्यांनी पाहिलं.

शेवंतीने त्या तीन लाद्या सोडा घालून घासल्या. खाली गोणपाट, वर आपल्या लग्नातल्या लुगड्याची चौपदरी गोधडी, बस. आणि मग तिने जे पाहिलं त्याने ती हरखूनच गेली. पोर बदललं. पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवसापासून आपण होऊन लोळत लोळत झोपायला लागली. जाग आली की ओरडत नसे. उठून बसे, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्याला हात लावून बघे, मग रांगत रांगत चुलीपाशी येऊन आईच्या पदराला धरे. पडायची भीती नाही, कारण पडायला उंचीच नाही. झोप आली की पुन्हा आपली आपण रांगत जाई आणि गोधडीवर गाल टेकून ढुंगण वर करून निजे. आठ-नऊ महिन्यांच्या पोरीला कळत होतं की ही आपली जागा आहे. शेवंतीला बावीस वर्षांत असं कधी कळलं नव्हतं. तिला पोरीचं कौतुक वाटे आणि थोडा हेवाही वाटे.

खोकला गेला. गालावर मांस आलं. दगडू गॅलरीत निजे. रात्रपाळीच्या आठवड्यात तो सकाळी येऊन तिथेच चादर तोंडावर घेऊन पडे. दहा वाजता ऊन डोक्यावर आलं की कूस बदले, पोरं त्याच्यावरून उड्या मारत. त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. शेवंतीने ते पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, आणि त्याच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली. झोपेची भरपाई भाकरीने होते असं तिने स्वतःला पटवून दिलं.

ते दिवस मुंबईसाठी भांडायचे होते. गिरणगावात दुसरा विषयच नव्हता. भिंतींवर चुन्याने अक्षरं, नाक्यावर सभा, संध्याकाळी मोर्चे. दगडू सगळीकडे जाई. जेवताना शेवंतीला सांगे, "मुंबई आमचीच होतली, वयनी."

"मुंबई तुमी घेवा," ती म्हणे. "माका तीन लाद्या पुरे."

तो हसे.

मग ती जानेवारी आली. संक्रांत नुकतीच झाली होती. रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीकडे राहणार, आणि गिरणगाव रस्त्यावर आला. त्या सकाळी दिवसपाळीवाले कामाला गेलेच नाहीत, रामजीसकट सगळे खाली नाक्यावर गेले. नाना गिरणीच्या फाटकावर काय चाललंय ते बघायला गेला. खोलीत रात्रपाळीचे चौघे आपापल्या पथाऱ्यांवर मेल्यासारखे झोपले होते. पाचव्या पथारीवर लक्ष्मी होती.

तिला दात येत होते. अंगात कणकण, सकाळपासून रडून रडून तिने जीव नकोसा केला होता. अकराच्या सुमाराला तिचा डोळा लागला. शेवंती पंख्याने वारा घालत बसली होती तेवढ्यात दगडू दारात आला. तोही रात्रपाळी करूनच आला होता. आज गॅलरीत निजायला मिळालं नव्हतं. सगळी चाळ कठड्याला चिकटून खालचा रस्ता बघत उभी होती. त्याचे डोळे लाल होते. चौकटीला हात लावून उभा होता. ताप असावा.

"निजला?" त्याने विचारलं.

शेवंतीने ओठांवर बोट ठेवलं. "आताच."

तो पोरीकडे बघत क्षणभर उभा राहिला. मग खाली लाद्यांवरून त्याची नजर फिरली. चार पथाऱ्यांवर चार माणसं. "मगे ऱ्हवांदे," तो म्हणाला. "पाणी दी वायच."

तिने तांब्या दिला. त्याने उभ्यानेच तो रिकामा केला. "खाली जातंय जरा. हय खय निजाचा?" असं म्हणून तो गेला.

जिन्यावर त्याची पावलं वाजली. शेवंतीला हायसं वाटलं, पोर उठलं नाही म्हणून.

पाऊण तासाने बातमी आली. नाक्यावर गोळीबार झाला, दगडूला छातीत गोळी लागली, उचलून नेईपर्यंत संपला होता. रामजीच सांगत आला. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. झोपलेले चौघे धडपडत उठले. शेवंती चुलीपाशी उभी होती. तिची नजर खिडकीखाली गेली. लक्ष्मी अजून झोपली होती. आणि शेवंतीच्या मनात पहिला विचार आला तो असा: आता हिला कुणी उठवणार नाही.

विचार आला आणि गेला. पण आला होता, हे तिला पुढे जन्मभर माहीत राहायचं होतं. मग दुसरा विचार आला. दगडूची नजर लाद्यांवरून फिरली, तिचीही फिरली, पण खाटेवर दोघांचीही गेली नव्हती. नानाची खाट सकाळपासून रिकामी होती. वर गादी, उशी, धुतलेली चादर. नाना दुपारपर्यंत येणार नव्हता. दगडू तिथे सहज पडला असता, दोन तास गाढ झोपला असता. तिला ते सुचलं नाही. त्यालाही सुचलं नाही. नानाच्या खाटेवर कुणी निजत नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की खाट डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

तेराव्याला चाळीच्या पटांगणात सभा झाली. चाळ समितीचे चिटणीस शामराव बोलले. दादरला कचेरीत काम करणारा शिकलेला माणूस, आवाज चांगला. "रात्रभर गिरणीत राबून आलेला हा तरुण," ते म्हणाले, "त्याला अंथरूण का नव्हतं? होतं. पण महाराष्ट्राची हाक आली आणि डोळ्यांवरची झोप झुगारून तो रस्त्यावर उतरला. झोपेला लाथ मारून गेला." लोक रडले. शेवंती बायकांमध्ये बसली होती, मांडीवर लक्ष्मी. तिने मान खाली घातली. बायकांना वाटलं, दुःखाने.

ते वाक्य मग पत्रकात छापून आलं. नाक्यावर फलक लागला त्यावरही तेच. झोपेला लाथ मारून गेला. गिरणगावात ज्याच्या-त्याच्या तोंडी.

आणि खिडकीखालच्या तीन लाद्या देवाच्या झाल्या. भजनी मंडळाच्या घोळक्यात दगडूचा एक फोटो होता. त्यातून त्याचं तेवढं डोकं कापून मोठं करून आणलं. नानाने लाद्यांच्या मधोमध पाट ठेवला, पाटावर फोटो, फोटोला हार, पुढे उदबत्ती. पुढारी यायचे, पायताणं दाराबाहेर काढून आत यायचे, हात जोडायचे आणि नानाच्या खांद्यावर थोपटायचे. इतक्या वर्षांत नानाला कुणी हार घातला नव्हता, आता आठवड्याला एक पडत होता. शिमग्यानंतर येणाऱ्या नवीन माणसाचं नाव निघेनासं झालं.

गोधडी उचलून शेवंती पुन्हा मोरीपाशी आली. मोठ्यांना सांगता येतं, हुतात्मा म्हणजे काय. नऊ महिन्यांच्या पोरीला कोण सांगणार? झोप आली की ती रांगत खिडकीखाली जाई आणि पाटाला धरून उदबत्तीच्या राखेत निजे. एकदा पाहुणे बसलेले असताना तिने हार ओढला. फोटो आडवा पडला. नानाने तिला दंडाला धरून उचललं आणि शेवंतीच्या पुढ्यात आदळल्यासारखं ठेवलं. "पोर सांभाळूक येना नाय?" खोकला परत आला. रात्रभर खोकून पोर दिवसा पेंगत राही. शेवंती रामजीला म्हणाली, काहीतरी बोला. रामजी म्हणाला, आता काय बोलणार, आता तर तो देवच झाला. बाहेर लोक मरतायत आणि तुला लाद्यांचं पडलंय. शेवंतीला त्याची एवढी चीड आली की दोन दिवस तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. लाद्यांचं सगळ्यांना पडलं होतं. फक्त तिचं ते क्षुद्र ठरत होतं.

एप्रिलच्या अखेरीला दगडूची आई आली. राधाबाई. समितीने सत्कारासाठी बोलावून घेतली होती. देवगडहून बोटीने एकटी आली, हातात फणसाची साठं आणि कुळथाचं पीठ. साठीची, वाळकी, पाठीत वाकलेली. गावच्या नात्याने ती नानाची वडीलधारी लागत होती, आणि त्या खोलीत त्याला कोंडीराम म्हणणारी ती एकटीच. दगडूचा फोटो बघून रडली नाही. पाट उचलून भिंतीला टेकवला आणि त्या तीन लाद्यांवर हात फिरवत बसली. "हयच निजायचो?" तिने विचारलं. नाना म्हणाला, होय. राधाबाईने आपलं घोंगडं तिथेच टाकलं. तिला कोण नाही म्हणणार?

दुपारी डोळे चोळत लक्ष्मी आपल्या सवयीने तिथे गेली. शेवंती धावली. पण राधाबाईने पोरीला कुशीत घेतलं आणि पदर घातला. पोर पाच मिनिटांत झोपलं. "बाय माझी," राधाबाई म्हणाली. "ही हो जागो ओळखता कशी?"

तेव्हा शेवंतीने सांगितलं, की ती जागा भावजींनी स्वतः तिला दिली होती. एवढंच सांगितलं. राधाबाईच्या डोळ्यांना तेव्हा पहिल्यांदा पाणी आलं. "तसोच होतो माझो झील," ती म्हणाली. "लहानपणी म्हशी राखताना झाडाखाली निजायचो. निजेचो भारी वेडो. आणि तेणा आपलो जागो दिलो."

पंधरा दिवस राधाबाई राहिली. पंधरा दिवस लक्ष्मी तिच्या कुशीत त्या लाद्यांवर झोपली, आणि खोकला पळाला. सत्कार झाला; लुगडं, नारळ, पुन्हा शामरावांचं भाषण, पुन्हा तीच लाथ. घरी येऊन राधाबाईने सगळ्यांसमोर नानाला सांगितलं, "कोंडीराम, मी गेल्यार हो जागो ह्या चेडवाचो. फोटो भिंतीक लाव. दगडून दिल्लो तो कोणी काढूचो नाय." नानाचा चेहरा पडला, पण हुतात्म्याच्या आईपुढे काय बोलणार? त्याने मान हलवली. रामजी शेवंतीकडे बघून हसला. शेवंतीला हसता आलं नाही. जे महिनोन्‌महिने मागून मिळालं नव्हतं ते एका वाक्यात मिळालं होतं.

राधाबाई जायच्या आदल्या दुपारी पुरुष कामावर होते, रात्रपाळीवाले झोपले होते. लक्ष्मी खिडकीखाली निजली होती. दोघी फणसाच्या आठळ्या सोलत बसल्या होत्या.

"शेवंती," राधाबाई हळूच म्हणाली, "तू त्या दिवशी घरात होतंस. सगळे सांगतत, झोप टाकून गेलो. माका तेवढ्याचाच बरा वाटता. आपल्या मनान गेलो, मोठ्या कामाक गेलो. खरा मां?"

होय म्हणायचं. एवढंच करायचं होतं. एक अक्षर की तीन लाद्या लक्ष्मीच्या, कायमच्या. शेवंती आठळी हातात धरून बसली. तिला वाटलं, ही बाई आपल्या पोरीला पंधरा दिवस कुशीत घेऊन निजली, हिच्याशी खोटं बोलून त्या जागेवर पोर कसं निजवू? पोर तिथे निजताना रोज मला दाराची चौकट दिसेल. आणि खरं सांगायचं तर तिला ते एकटीने वाहणं आता झेपत नव्हतं. कुणाच्या तरी पदरात टाकून मोकळं व्हायचं होतं.

"तेंका निजाचा होता, काकी," ती म्हणाली. "ताप होतो अंगात. निजाकच इल्ले. चेडू तेंच्या जाग्यार निजला होता. मी उठवक नाय. म्हणान ते खाली गेले."

राधाबाईचे हात थांबले. मग तिची नजर लाद्यांवरून फिरली, एक एक पथारी बघत, आणि शेवटी खाटेवर जाऊन थांबली.

"आणि ही?"

"रिकामी होती."

"मगे?"

"माका सुचला नाय. तेंकाय सुचला नाय."

राधाबाईने आठळ्यांचं सूप बाजूला सारलं. उठली. खिडकीखाली जाऊन तिने झोपलेल्या लक्ष्मीला अलगद उचललं, अगदी अलगद, पोर जागं होऊ नये अशा हातांनी, आणि मोरीच्या कठड्यापाशी आणून जमिनीवर ठेवलं. मग स्वतः जाऊन त्या तीन लाद्यांवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. संध्याकाळपर्यंत उठली नाही.

नानाला ती काही बोलेल असं शेवंतीला वाटत होतं. खाटेबद्दल एक शब्द तरी. नाना आला, खाटेवर बसला, चहा मागितला. राधाबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि हात जोडून म्हणाली, "कोंडीराम, माझो धाकटो, रामू, नारळी पुनवेनंतर धाडतंय. तेका तुझ्या गिरणीत चिकटव. आता तोच एक आसा. हो जागो तेचो." नाना खूश झाला. जागा गावाकडेच राहिली. चेडवाचं काय, असं रामजीने विचारलं नाही, आणि नानाने त्याला त्या महिन्यात कायम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाईला बोटीवर बसवायला शेवंती भाऊच्या धक्क्यावर गेली. पुरुषांना वेळ नव्हता. कडेवर लक्ष्मी, डोक्यावर राधाबाईचं गाठोडं. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात उतरायच्या आधी राधाबाईने गाठोडं घेतलं, लक्ष्मीच्या गालावरून बोटं फिरवली. शेवंती वाकून पाया पडली. वर बघते तो म्हातारी तिच्याकडेच बघत होती. रागाने नव्हे. राग असता तर शेवंतीला सोसलं असतं.

"माका खोटाच सांगितला असतंस तर बरा झाला असता गो," राधाबाई म्हणाली, आणि पडावात उतरली.